वाटणीच्या गोळ्या

डॉक्टरनं पोट दाबलं तशी शेवंता रडलीबी नाई, नुसती छताकडे पाहत राह्यली. सहा वर्षांची लेक, रडली असती तं रुख्मिणीले बरं वाटलं असतं.

संग्रामपूरचा बाजार होता. बाजाराच्या दिशी डॉक्टर जीपनं येत, एका खोलीत बसत. टेबलावर जाडं रजिस्टर, त्यावरचं छापील मुंबई राज्य खोडून शाईनं महाराष्ट्र लिहिलेलं.

"मुदतीचा ताप आहे म्हणून मागच्या बाजारी अठ्ठावीस गोळ्या दिल्या होत्या. साऱ्या दिल्या?"

"साऱ्या," रुख्मिणीची सासू सत्यभामाबाई म्हणाली. "म्या सोता देल्या, येळच्या येळी."

"मग या तापावर हे औषध चालत नाही." डॉक्टरनं हातातली गोळ्यांची बाटली परत ठेवली. "अकोल्याला न्या."

"अकोल्यापरेंत टिकन का ही?" रुख्मिणीनं विचारलं.

डॉक्टरनं चिठ्ठीसाठी पेन उचलला.

रुख्मिणीनं सासूकडे पाह्यलं, मंग दाराकडे. दारात तिची धाकली जाऊ गोजरा उभी, खांद्यावर चार वर्षांची द्वारकी. त्या घरात एक पेरू आला तरी त्याच्या दोन फोडी व्हायच्या. माह्या घरात नातीनातीत दुजाभाव नाई, हे सत्यभामाबाई साऱ्या गावाले सांगे. शेवंताच्या गोळ्या आल्या तव्हा द्वारकीचं नाक वाहून राह्यलं होतं, बस, एवढंच. पण सासूनं पुडी सोडली अन् एक गोळी हिले, एक तिले, गुळात कालवून चारली.

"आत्याबाई, डॉक्टरनं तं..." रुख्मिणी म्हणाली होती.

"एकीनं खावं अन् एकीनं तोंड पाहावं? तुह्या माहेरी चालत असन!"

मंग रुख्मिणी चुलीकडे वळली. चौथ्या दिशी शेवंताचा ताप उतरला, अन् सासू ओट्यावर बसून बायाले सांगे, वाटून खाल्लं का बरकत असते. सातव्या दिशी ताप पुन्हा चढला, तो असा का पोरगी पाणीबी मागेना.

"साहेब, अर्ध्याच देल्या." रुख्मिणीचा आवाज तिले सोतालेच अनोळखी वाटला. "अर्ध्या जावेच्या पोरीले गेल्या. तिले पडसं होतं."

सत्यभामाबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवला.

"अहो, पडशाला हे औषध लागतच नाही! तिला फुकट गेलं अन् हिला पुरलं नाही. अर्धवट औषधानं रोग मरत नाही, उलट चिवट होतो." त्यांनी बाटली कागदावर उपडी केली, बुडावर टिचकी मारली, अन् पुडी बांधून रुख्मिणीच्या हाती ठेवली. "संपल्या. पुढच्या बाजारापर्यंत माझ्याजवळ नाहीत. ताप उतरला तरी या साऱ्या हिलाच. तीन दिवसांत फरक नाही पडला, तर अकोला."

"आता तं बरी होईन ना?"

"सांगता येत नाही."

दारात गोजरानं द्वारकीच्या अंगावर पदर सारखा केला अन् हळूच मागं सरली.

बैलगाडी परतीच्या रस्त्याले लागली. गाडी गोजराचा नवरा तुळशीराम हाकत होता, सासू त्याच्या बाजूले. मागं दोघी जावा, दोघींच्या मांडीवर दोन पोरी. गाव अजून दोन कोस होतं.

"बाई," गोजरा एकदम हळू बोलली, "हिचं अंग पाहा बरं जरा."

रुख्मिणीनं द्वारकीच्या मानेवर हात ठेवला अन् लगेच उचलला. पंधरा दिवस झाले, हा चटका तिच्या हाताले पाठ होता.

"कधीपासून?"

"परवापासून. डॉक्टर चिडले होते, मंग मी बोललीच नाई." गोजरा तिच्या तोंडाकडे पाहून राह्यली. "पडसंच असन ना, बाई?"

मागून भोंगा वाजला. डॉक्टरची जीप! तुळशीरामनं बैल कडेले घेतले. जीप एवढ्या जवळून चालली होती का डॉक्टरचा चष्मा दिसे. एक हाक मारली असती तं थांबली असती. पण बाटली रिकामी होती. जीप थांबली तं पदरातल्या गोळ्या पुन्हा दोन जागी जातीन, हे रुख्मिणीले दिसत होतं. तिनं पुडीवरची मूठ आवळली.

"हाव," ती म्हणाली. "पडसंच असन."

"मलेबी तसंच वाटे," गोजरा म्हणाली, अन् सकाळपासून पहिल्यांदा हसली.

धुरळा बसेपरेंत तुळशीराम थांबला, मंग त्यानं गाडी पुन्हा चाकोरीत घातली.