सूर कोण धरणार?

आम्ही आफ्रिकेला निघालो होतो! एकाहत्तर साल. नगरच्या पलीकडे जिने पाऊल टाकलं नव्हतं ती मी, कोल्हारची मालन, मुंबईहून बोटीत बसून मोंबासाला जाणार होते. महिनाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते. शेजारची बायडाबाई म्हणाली, "तिकडं सिंव्ह असत्यात म्हनं." मी म्हटलं, "असू द्या की. मला बघून पळत्याल."

एकच काटा सलत होता. ह्यांचे थोरले भाऊ, गहिनीनाथ भावजी, दोन वर्षं ह्यांच्याशी बोलत नव्हते.

घरात सनई पिढीजात. भावजी चाल वाजवायचे आणि आमचे हे, बन्सी, शेजारी बसून सूर धरायचे. म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर, गाल फुगवून, श्वास न तोडता, चाल संपेपर्यंत. वाहवा होते चाल वाजवणाऱ्याची. सूरवाल्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, पण तो थांबला की सनई अळणी लागते.

मग एका ख्रिस्ती लग्नात दोघे वाजवायला गेले. वाजंत्र्यांचं पान शेवटी, मांडवाबाहेर, ही सगळीकडची रीत. तिथल्या पाळकसाहेबांनी मात्र ह्यांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं आणि नाव विचारलं. सूर धरणाऱ्याचं नाव! भावजींनाही बोलावलं, पण ते "रीत ती रीत" म्हणून बाहेरच बसले.

पुढच्या रविवारी हे उपासनेला गेले, मग दर रविवारी. लोक म्हणाले, बन्सी पंगतीला भुलला. अहो, जेवणाला भुलणारा माणूस माझ्या हातचं इतकी वर्षं खाईल का? त्यांना प्रभू भेटला होता. चेहराच उजळला होता, कामात मध्येच हसायचे. त्यांचा तो आनंद बघून मीही त्यांच्याबरोबर बाप्तिस्मा घेतला. गावच्या भगवतीच्या देवळाच्या दारात रोज पहाटे सूर धरायचं ह्यांनी थांबवलं आणि भावजींनी आपलं दार लावून घेतलं.

मोंबासाच्या ख्रिस्ती मंडळीने गाणारा-वाजवणारा सेवक मागितला, तेव्हा पाळकसाहेबांनी ह्यांचंच नाव दिलं. शेजारी बसून बसून हे चालही शिकले होते. पण वडिलांची सनई भावजींकडे. ह्यांच्या वाट्याला आला होता नुसता सूर, म्हणजे ती दुसरी सनई, तोच ट्रंकेत घातला.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर मंडळी हार घेऊन जमली. ह्यांची नजर रस्त्यावर. कुणाची वाट बघतात ते मला ठाऊक होतं. गाडी लागली, आणि भावजी आले! फेटा बांधून, तरातरा. माझं डोकंच सणकलं. डोक्यावर पदर घेतला, पण तोंड काही झाकलं नाही.

"आता भांडाया आलाय व्हय? दोन वर्सं वाट बघितली त्यांनी तुमची!"

ते माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "सूर काढ."

ह्यांनी घाईघाईने ट्रंक उघडली. भावजींनी सूर स्वतः घेतला आणि वडिलांची सनई ह्यांच्या हातात दिली. "तू वाजव. मी धरतो."

गावाचा पहिला सनईवाला सूर धरणार! लोक आ वासून बघत राहिले. ह्यांनी भरल्या डोळ्यांनी उपासनेतलं गाणं धरलं. येशूचं गाणं आहे हे भावजींना कळलं. त्यांनी गाल फुगवले ते गाणं संपेपर्यंत श्वास तोडला नाही. कंडक्टर घंटी मारायची विसरला. मला तर तिथेच फुगडी घालावीशी वाटली.

हे सनई परत द्यायला लागले. भावजींनी हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे. मी दुसरी करून घीन. बाची जोडी फुटाया नको. पन तिकडं सूर कोन धरनार?"

मग भावजी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे वळले आणि सूर माझ्या हातात ठेवला.

"एका दमात एवढी भांडतीस. लई दम हाय तुझ्यात. धर."

बाईने सनईला तोंड लावायचं! राहुरी गेली तरी मी फुंकतच होते. रेकणाऱ्या रेड्यासारखा आवाज निघत होता, गाडीतले लोक वैतागले होते आणि हे डोळे पुसत हसत होते. नगर जवळ आलं तेव्हा कुठे एक स्वर लागला. थरथरत होता, पण लागला.

ह्यांनी लगेच सनई उचलली.