आबांचा जुना आवाज

"पोरी, तुना बापना आवाज बदली गया," प्रमिलाबाई फोनवर अहिराणीत म्हणाल्या. "घरमा कोनी परका मानूस बोलस."

दुसरं कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बाईंचं डोकं फिरलं. पण सुलक्षणा समजायचं ते समजली. धुळ्यातल्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवते, आणि आबांचा आवाज तिनेच घरी आणून बसवला होता.

लोटन आबा म्हणजे तिचे वडील. दीपनगरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये, सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन जळगावात घर बांधलं, आणि घराचा रंग वाळतो न वाळतो तोच घशाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. लिहून दाखवावं तर मायला, म्हणजे प्रमिलाबाईंना, वाचता येत नाही, आणि खुणा करून माणूस किती बोलणार? त्यातून या दोघांचा संसार बोलण्यावर, खरं सांगायचं तर भांडण्यावरच चाललेला. शेवटी सुलक्षणाने आपल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकली आणि टाइप केलेलं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यात बसवला. आवाज निघाला तो नाकातला, खरखरीत, वाक्याच्या मध्येच अडखळणारा. आबांनी तोंड वाकडं केलं. पण थोड्याच दिवसांत प्रमिलाबाई त्या आवाजाशी अशा कडाकडा भांडायला लागल्या, की शेजारच्या कुंदाबाई म्हणाल्या, "चला, लोटनभाऊ बरा व्हयना!"

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुलक्षणा सकाळच्या एसटीने जळगावला आली. आबा पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. तिला पाहून त्यांची बोटं चालली.

"ये बेटा. बसमा जागा भेटनी का?"

आवाज भरदार, गोल, रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसाचा असावा तसा. कुठे अडखळणं नाही, खरखर नाही. सुलक्षणा तर खूशच झाली. "आबा, किती छान येतोय!" ती म्हणाली.

तेवढ्यात प्रमिलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आबांनी टाइप केलं आणि तो भरदार आवाज म्हणाला, "आतली खोलीमा पंखा चालू शे. तठे कोनीच नही."

हे आबांचं रोजचं रडगाणं. वीजकेंद्रातल्या माणसाला रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बघवत नाही. त्यावर मायचं उत्तरही ठरलेलं: जलमभर वीज बनाडी ना, मंग जराशी वापरू द्या! ते ऐकायला सुलक्षणा हसतच वळली. मायने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, मान खाली घातली, "हा जी," म्हणाली, आणि जाऊन मुकाट्याने पंखा बंद केला.

असा पदर माय फक्त थोरल्या दिरांसमोर घ्यायची, नाहीतर घरी आलेल्या अनोळखी पुरुषासमोर.

तिने मायला स्वयंपाकघरात गाठलं. "माय, ते आबाच शेतस ना व!"

"माले माहीत शे. बोटं त्यास्नाच शेतस." प्रमिलाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होत्या. "पन तो आवाज आयका का माले लाज वाटस. त्याले उलटं कसं बोलू? चांगला मानूस शे तो, पोरी. गोड बोलस. पन तो तुना बाप नही." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले आणि हात पिठात असल्यामुळे पुसताही येईनात. सुलक्षणाने आपल्या ओढणीने पुसले. तिला स्वतःला रडू येत होतं.

बाहेर येऊन तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. घोटाळा सापडायला फार शोधावं लागलं नाही. या लिनक्सचे प्रोग्राम दोन कोठारांतून मिळतात असं समजा. एक स्टेबल, म्हणजे तपासून पक्कं झालेलं. दुसरं टेस्टिंग, म्हणजे नवं, ज्याची परीक्षा अजून चालू आहे. गेल्या रविवारी आली होती तेव्हा मराठी टायपिंगचा एक नवा प्रोग्राम हवा म्हणून सुलक्षणाने टेस्टिंगचा पत्ता लॅपटॉपला दिला, आणि बस चुकेल या घाईत तो न खोडताच निघून गेली. इकडे आबा! मशीन चालतंय म्हणून देखभाल टाळणं हे त्यांच्या लेखी पापच. तिनेच शिकवलेल्या अपग्रेडच्या दोन आज्ञा ते दर शनिवारी, आंघोळ करून देवाला फूल वाहून झालं की, टाइप करायचे. या शनिवारीही केल्या. लॅपटॉपला जे जे नवं दिसलं ते ते त्याने उचललं. अर्धं घर स्टेबलचं राहिलं, अर्धं टेस्टिंगचं झालं, आणि आवाज नेमका नव्यातला आला.

तिने हे समजावून सांगितलं तेव्हा आबांचा चेहरा उतरला. "म्हंजे नवा युनिटना पार्ट मी जुना युनिटले बसाडी दिधा."

"तुम्ही नाही आबा, मी. दार मीच उघडं टाकलं होतं."

पुढचं तिने लपवलं नाही. सगळंच टेस्टिंग करून टाकणं सोपं होतं, पण मग हाच आवाज कायम. मागे फिरवणं जोखमीचं. मध्येच काही अडकलं तर आहे हा आवाजही जायचा, आणि आबा किती दिवस मुके राहतील ते तिला सांगता येत नव्हतं. "तुम्ही म्हणाल तसं करते," ती म्हणाली.

आबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि टाइप करून पडदा तिच्याकडे वळवला.

"तुनी माय आते मनासंगे भांडत नही. ऑपरेशननंतर बी इतलं एकलं वाटनं नव्हतं."

सुलक्षणाने ते वाचलं आणि कामाला लागली. आबांच्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या. टेस्टिंगचा पत्ता खोडला. जुनं असलं तरी स्टेबलचंच घ्यायचं, असं लॅपटॉपला खडसावून लिहिलं आणि उलटा प्रवास सुरू केला. दोन ठिकाणी तो अडून बसला. ज्याच्यापायी हे सगळं झालं तो टायपिंगचा नवा प्रोग्राम काढून जुनाच ठेवला तेव्हा कुठे पुढे सरकला. शेवटी तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. आबांनी तिचं मनगट घट्ट धरलं. तिला त्यांच्याकडे बघवेना.

मग पडदा उजळला.

आबांनी बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी टाइप केलं, "आयकस का व?"

नाकातला तो खरखरीत आवाज मध्येच अडखळत घरभर गेला.

"आयकस, आयकस! मी काय बहिरी शे का?" स्वयंपाकघरातून तडक उत्तर आलं. "हात पिठमा शेतस मना, अन् यास्ले आतेच..."

पुढचं वाक्य आलंच नाही. प्रमिलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ तसंच. लॅपटॉपकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या आबांकडे बघत होत्या.

"कोठे गयथात तुम्ही?"

आबांनी टाइप केलं. एक अक्षर चुकलं, ते त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं.

"आठेच व्हतू," आवाज म्हणाला.

"मंग बोलनात का बरं नहीत!" प्रमिलाबाई कडाडल्या, आणि आबा खांदे हलवत, बिनआवाजाचे, डोळ्यांत पाणी येईतो हसत राहिले.