ब्रेक उजव्या पायाला

पोहणं आणि गाडी चालवणं माणूस कधी विसरत नाही, असं सगळे सांगतात. सांगायला त्यांचं काय जातं!

लग्नाआधी मी वडिलांची मोटरसायकल उधळत फिरायचे. पुढे ती विकली गेली, मग संसार आला, मुलं आली, ड्यूट्या आल्या, आणि हातातून हँडल सुटलं ते सुटलंच. मी दवाखान्यात नर्स आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा धुते, पट्ट्या बदलते. खाणीकडच्या वस्त्यांना जाणारी बस बंद झाली, तशी मेट्रनबाईंनी फर्मान काढलं, की सोमवारपासून जिच्याकडे स्वतःची गाडी, तिलाच ती फेरी. नाहीतर मी तळघरातल्या स्टोअरमध्ये कापसाच्या गुंडाळ्या रचत बसणार होते. त्या वस्तीत एक आजोबा आहेत, पाठीला भली मोठी जखम. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांना ‘सोमवारी येते’ असं सांगून आले होते. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी आणि माझा नवरा एका वायरमनच्या दारात उभे होतो.

कंबर धरल्यामुळे तो गाडी विकायला निघाला होता. घरालगतच्या वायरच्या गोदामामागे, काँक्रीटच्या उतरत्या आवारात त्याने ती धुऊनपुसून ठेवली होती. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्यामुळे कुठलीही वस्तू नाकाला लावून बघायची त्याला खोड. त्याने टायर बघितले, चेन बघितली, सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी बघितली. आयुष्यात सायकलच्या वर चढलेला नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला कुठे खरा उंट लागतो?

“चेन जरा सैल वाटते,” तो म्हणाला.

“अहो, तुम्ही गप्प उभे राहा बघू.”

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. गोदामाला मी दोन चकरा मारल्या आणि खरं सांगते, वीस वर्षांची झाले. तिसऱ्या चकरेला वायरमन फाटक उघडायला आडवा आला. मी ब्रेक मारला. गाडी थांबायच्या ऐवजी किंचाळली, झटका खाऊन पुढे उसळली आणि वायरमन बाजूला उडी मारतो न मारतो तोच फाटकावर जाऊन धडकली.

वडिलांच्या त्या जुन्या गाडीला गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. हाताचा ब्रेक नुसता नावाला. आताच्या गाड्यांचं पायाचं काम उलटं. हे मला माहीत होतं, वायरमनने दोनदा बजावलंही होतं, मी मान डोलावली होती. पण मान वेगळी आणि पाय वेगळा. डाव्या पायाने मी ब्रेक समजून गिअर दाबला होता.

वायरमनने कपाळाचा घाम पुसला. “ताई, राग मानू नका. पण ही गाडी मी तुम्हाला देत नाही.”

“का? माझे पैसे खोटे आहेत?”

“पैशाचं नाही हो. उद्या खाणीच्या उतारावर समोर डंपर आला आणि तुम्ही हेच केलंत, तर मला जन्मभर झोप लागायची नाही.”

रागाने माझे कान तापले. तो खोटं बोलत असता तर मी त्याची सालटी काढली असती. खरं बोलत होता, म्हणून मी नुसती गाडी फाटकापासून मागे ओढली.

आता नवरा ‘चल घरी’ म्हणणार, अशी माझी खात्री होती. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मी मागे बसतो,” तो म्हणाला. “मनात येईल तेव्हा ‘थांब’ म्हणून ओरडेन. पाय चुकला तर चुकला. परत करायचं.”

“तुम्ही? मागे बसणार?”

“थांब म्हणायचा मला लग्नापासूनचा सराव आहे.” वायरमन हसला आणि वाटेतून बाजूला झाला.

लिफ्टमध्येसुद्धा कठडा धरून उभा राहणारा हा माणूस माझ्या मागे बसला.

“थांब!” डावा पाय. गचका. त्याचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं.

“पुन्हा,” तो म्हणाला.

“थांब!” दोन्ही पाय. गाडी बंद.

“उजवा, ताई, उजवा!” वायरमन उतरणीवरून ओरडला. तिथे वायरचं एक रिकामं लाकडी रीळ होतं, माणसाच्या उंचीचं, चाकासारखं उभं. खाली वीट अडकवून ठेवलेलं. त्याला टेकून तो आमची गंमत बघत होता.

हळूहळू उजवा पाय यायला लागला. पण आधी ओरडणं, मग माझा विचार, मग पाय. मधला तो विचार करायला डंपर मला वेळ देणार नव्हता. उजेड कमी झाला.

“बस करा आता, ताई,” वायरमन म्हणाला.

“एक शेवटची चक्कर.”

गोदामाच्या कोपऱ्यावरून मी तिसऱ्या गिअरमध्ये वळले आणि त्याच वेळी वायरमन रिळाला रेटा देऊन उठला. वीट निसटली. ते धूड उतरणीवरून गडगडत सुटलं, सरळ माझ्या वाटेवर. वायरमन त्याच्यामागे हात पसरून धावत होता. माझ्या डोळ्यांसमोर फक्त लाकूड होतं.

गाडी थांबली.

रीळ पुढच्या चाकाला वारा घालून गेलं आणि भिंतीवर आदळून आडवं झालं. त्याची एक फळी उडून पार फाटकापर्यंत गेली.

“लागलं का? ताई, लागलं का कुठे?” वायरमन कंबर धरून धापा टाकत आला. त्यानेच चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“तुम्ही ओरडला नाहीत,” मी नवऱ्याला म्हटलं.

“तोंडच उघडलं नाही गं,” तो म्हणाला. “मी डोळे मिटून घेतले.”

म्हणजे कुणीच काही बोललं नव्हतं. मीसुद्धा काही ठरवलं नव्हतं.

नवरा खाली उतरला. “उतर आता.”

“पाय सुटत नाहीये,” मी म्हटलं. उजव्या पायाने ब्रेक अजून दाबून धरला होता, मांडीपासून टाचेपर्यंत लाकूड झालं होतं. मला तो उचलता येईना.

तेव्हा नवरा तिथेच काँक्रीटवर गुडघे टेकून बसला आणि त्याने माझा धुळीने भरलेला बूट दोन्ही हातांत धरला.

“अहो, पायाला कसला हात लावताय! लोक बघतील.”

वायरमनने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली आणि मान वळवली.

“बघू देत,” नवरा म्हणाला. त्याने हात काढले नाहीत. “सोमवारी त्या उतारावर मी नसेन तुझ्या मागे. हाच असणार आहे.”

त्याच्या हातांत माझा पाय हळूहळू सैल झाला, आणि मग मला रडूच कोसळलं.