सोनाजी पेंटरची बेचाळिसावी पाटी

दिवाळीच्या पाडव्याला हिंगोलीच्या बाजारपेठेत व्यापारी वह्यांची पूजा करीत. सोनाजी पेंटर त्या दिवशी आपले कागद माळ्यावरून काढायचा. कुठलंही काम भिंतीवर किंवा फळ्यावर चढवण्याआधी तो त्याचा नमुना तपकिरी कागदावर कोळशाने काढी, आणि काम झालं तरी तो कागद फेकत नसे. पाडव्याच्या सकाळी वर्षभराचे कागद ओसरीवर मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि आशाबाईला, म्हणजे बायकोला, एकेक करून दाखवायचे, हा त्याचा दरसालचा सण.

ही गोष्ट १९३८ सालची, निजामाच्या राज्यातली. सोनाजी जातीचा शिंपी, पण बापाची सुई सोडून त्याने कुंचला धरला होता. कोणाची नोकरी नाही की कोणाची हुजरेगिरी नाही. बोलावणं आलं की रंगाचे डबे सायकलला अडकवायचे आणि निघायचं. त्या साली त्याने बेचाळीस कामं केली. कळमनुरीच्या कापडवाल्याची पाटी, कुरुंद्याच्या हळदीच्या पोत्यांवर मारायचा छाप, दोन नाटकमंडळ्यांचे पडदे, आणि सोडावॉटरच्या दुकानावरची एक बाटली, जिच्यातले बुडबुडे बघून म्हणे गिऱ्हाइकाला खरीच तहान लागे. एकेक कागद दाखवताना सोनाजीची छाती फुगत होती. कष्टाने मिळवलेल्या हुन्नराचा अभिमान माणसाला असावाच, त्यात काही चूक नाही.

पण शेवटचा, बेचाळिसावा कागद आला तेव्हा त्याने तो न दाखवताच इतरांच्या खाली सारला. आशाबाईने विचारलं, हा काहून झाकला? तो कच्चा आहे, असं काहीतरी पुटपुटून सोनाजीने विषय बदलला.

कागद कच्चा मुळीच नव्हता. त्या सालातलं सगळ्यात देखणं काम तेच होतं! कापसातली सरकी काढायच्या जिनाचे मालक उत्तमराव यांनी नरसीच्या रस्त्यावर वडिलांच्या नावाने एक विहीर बांधली होती. दगडी काठ, दोन रहाट, बाजूला बसायला ओटा. दसऱ्याला विहीर खुली झाली आणि तिथे लावायच्या पाटीचा मजकूर उत्तमरावांनी स्वतः लिहून दिला: 'कै. माणिकराव यांचे पुण्यस्मरणार्थ. ही विहीर सर्व वाटसरूंस खुली आहे.' आणि त्याखाली, 'अस्पृश्यांनी विहिरीस शिवू नये.'

वाचकहो, हे 'सर्व' कोण, ते जरा बघा! वरच्या ओळीत सगळे, आणि खालच्या ओळीत त्यांतून निम्मा गाव वजा! पुण्य मिळवायचं, तेही चाळणी लावून! ज्या मुलुखात संतासाठी देवाचं देऊळ फिरलं असं आपण लेकराबाळांना डोळ्यांत पाणी आणून सांगतो, त्याच मुलुखात विहिरीच्या काठावरचा एक दगड हलायला तयार नाही.

पाटी निम्मी मराठीत आणि निम्मी उर्दूत करायची होती. उर्दू अक्षरांसाठी सोनाजी नेहमी मकबूलचाचांकडे जाई. मकबूलचाचा म्हणजे गावातले जुने कातिब, त्यांच्या हाताची अक्षरं दूरदूरच्या मशिदींत कोरलेली. त्यांनी मजकूर वाचला, कागदाची घडी घातली आणि हे आपण लिहिणार नाही म्हणून तो परत दिला. सोनाजीला हसू आलं. मजकूर गिऱ्हाइकाचा आणि अक्षर आपलं, असा त्याचा साधा हिशेब होता. उर्दूसाठी सोडलेली जागा रिकामी राहू नये म्हणून त्याने तिथे आंब्याच्या पानांची वेल आणि दोन मोर काढले. पाटी अशी खुलली की देवळावर लावावी.

झालंही तसंच. कोजागिरीच्या दोन दिवसांनी सोनाजी शिडीवर चढून शेवटचा हात फिरवत असताना रस्त्याने चतुराबाई आली. नरसीकडच्या एका खेड्यातल्या मांगवाड्यातली ही बाई केरसुण्या बांधून हिंगोलीच्या बाजारात विकायची. पाटीसमोर तिने डोक्यावरचा भारा उतरवला, पदर सारखा केला आणि चक्क हात जोडले.

"कोन्या देवाचं नाव लिवलं हाय, दादा?" तिने विचारलं.

सोनाजीच्या हातातला कुंचला थांबला. खरं सांगायला जीभ उचलेना. देवाचं नाव नाही, वाटसरूंनी पाणी प्यावं असं लिहिलंय, एवढंच तो म्हणाला.

"समद्यांनी?"

"समद्यांनी."

चतुराबाईने त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला आणि भारा उचलून ती चालती झाली. पाण्याला काही तिने त्या दिवशी हात लावला नाही. जन्मभर खाल्लेल्या ठोकरा एका शब्दाने विसरता येत नसतात. आणि सोनाजी? त्याने आपल्या मनाची मोठी छान समजूत काढली. म्हणे, मी खोटं कुठे बोललो, पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली नाही इतकंच! अर्धं सत्य सांगून पूर्ण निर्दोष राहायची ही कला आपल्या समाजात सोनाजीपेक्षा पुष्कळ मोठ्या लोकांना साधलेली आहे.

तो झाकलेला कागद असा होता. पाडव्याच्या दिवशी तो झाकून होतो न होतो तोच मकबूलचाचा आले. आशाबाईने फराळाचं ताट पुढे केलं. चाचांनी ते बाजूला ठेवलं आणि आदल्या दिवशीची हकीकत सांगितली.

आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. चतुराबाईच्या सगळ्या केरसुण्या सकाळीच खपल्या. भर उन्हात परत जाताना घसा कोरडा पडला, विहिरीवर कोणी दिसत नव्हतं, आणि पेंटरचा शब्द तिच्या मनात होता. तिने पोहरा सोडला. पाणी वर यायच्या आत उत्तमरावांचा राखणदार झाडामागून काठी घेऊन धावला. मनगटावर काठी बसली, हातातलं गाडगं फुटलं. पाटीवर लिहिलंय, पेंटरनं वाचून दाखवलं, असं ती सांगत राहिली आणि लोक हसत राहिले. आता आज दुपारी विहिरीची शुद्धी होती. तिथे चतुराबाईने खोटं बोलल्याबद्दल पायरीवर नाक घासून माफी मागायची, नाहीतर तिच्या दोन्ही लेकांना जिनातून काढून टाकायचं, असं उत्तमरावांनी ठरवलं होतं.

"ती म्हनून राहिली, पेंटरनं सांगितलं. समदे म्हनतात, बाई झूट बोलते," चाचा म्हणाले. "मला सांग सोनाजी, झूट कोन बोललं?"

सोनाजीने मान खाली घातली. मग नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडून निघालं, की मजकूर आपला नव्हता, आपण नुसता रंगारी.

चाचांचा आवाज चढला नाही, पण चेहरा लाल झाला. "मग या बाकीच्या कागदांना हळदकुंकू काहून वाहिलंस? त्यांचे मजकूर तरी तुझे कुठं व्हते? काम चांगलं निघालं की तुझा हात, अन् वंगाळ निघालं की गिऱ्हाइकाचं तोंड, व्हय? अरे, उत्तमराव तोंडानं बोलला असता तर चार मानसांनी ऐकलं असतं अन् दोघांनी इसरलं असतं. तू ते मोर काढून लिवलंस. आता येनारा जानारा म्हनतो, एवढ्या झ्याक अक्षरांत हाय म्हंजे खरंच असंल. ही तुझी करनी हाय, त्याची न्हाई."

उत्तमरावांचा शब्द बाजारात चालत होता. त्यांनी मनावर घेतलं तर हिंगोलीत त्याला एक पाटी मिळायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पलीकडे एका गरीब बाईचं नाक होतं, आणि तिच्या दोन लेकरांची भाकरी. तुमच्या-माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. ताप आला म्हणून अंगावर घोंगडं ओढतो.

आशाबाईने खालचा कागद ओढून काढला होता. तिला थोडंफार वाचता येत होतं. तिने तो दोनदा वाचला, आत गेली आणि काळ्या रंगाचा डबा आणून नवऱ्यासमोर ठेवला. जावा, एवढंच ती म्हणाली.

विहिरीवर वीस-पंचवीस माणसं जमली होती. भटजी कलश मांडत होते. उत्तमरावांच्या आई, द्वारकाबाई, बैलगाडीतून आल्या होत्या आणि ओट्यावर बसल्या होत्या. नवऱ्याच्या नावाची विहीर, म्हणून शुद्धीला त्यांनी असावं अशी लेकाची इच्छा होती. चतुराबाई दहा हात लांब उभी होती. मनगटाला चिंधी बांधलेली, मान खाली.

सोनाजीने रंगाचा डबा अडकवलेली सायकल टाकली आणि सरळ गर्दीत जाऊन सांगितलं, की ही बाई खोटं बोलली नाही, पाटी वाचून आपणच सांगितलं होतं.

उत्तमराव आधी हसले. सणासुदीचं घरी जा, इथे तुझं काम नाही, असं त्यांनी समजुतीने सांगितलं. सोनाजी हलला नाही. तेवढ्यात चतुराबाईने मान वर केली.

"दादा, तवा अर्धं वाचलं व्हतं ना तुमी? आता पुरं वाचा. मोठ्यानं."

सोनाजीने वाचलं. पहिली ओळ त्याने सहज वाचली. दुसरीही त्याने वाचली, शेवटच्या शब्दापर्यंत.

आणि काय चमत्कार बघा! तीच ओळ पंधरा दिवस तिथे टांगली होती, शंभर माणसं ती वाचून पाणी पिऊन गेली होती आणि एकालाही ठसका लागला नव्हता. तीच आता माणसाच्या तोंडून निघाली, जिच्याविषयी लिहिली होती ती समोर उभी असताना निघाली, तेव्हा भटजी आपल्या पायाकडे बघू लागले. दोघे-तिघे उगीच खाकरले.

द्वारकाबाईंना अक्षर येत नव्हतं. पाटीवर आपल्या धन्याचं नाव आहे, एवढंच त्या समजून होत्या. त्यांनी सोनाजीला पुन्हा वाचायला लावलं. मग त्या चतुराबाईकडे बघत राहिल्या.

चतुराबाई म्हणाली, "माय, काल तुमच्या वाड्यात लक्षुमी म्हनून पुजली ती केरसुनी माझ्या हातची हाय. तुमच्या गड्यानंच नेली. तिला तुमी हळदकुकू वाह्यलं, पाया पडल्या. अन् ती बांधनारीला काठी. नाक घासते मी, त्याचं काई न्हाई. पन कोनापुढं घासू ते तुमीच सांगा."

यावर कोणी बोलणार काय? वर्षातून एक दिवस तिच्या हातच्या वस्तूपुढे डोकं टेकवायचं आणि उरलेले दिवस तिच्या सावलीला भ्यायचं, या धर्माची बाजू मांडायला तोंड कुठून आणायचं?

द्वारकाबाई ओट्यावरून उठल्या. "उत्तम," त्या लेकाला म्हणाल्या, "माझ्या धन्याच्या नावाखाली हे नगं. पुसून टाक."

उत्तमराव भडकले. विहीर ओस पडेल, जात वाळीत टाकेल, बाजारात तोंड दाखवता येणार नाही, असं पुष्कळ बोलले. ते बोलत असतानाच सोनाजीने रहाटाशी पडलेली शिडी लावली. काळ्या रंगात कुंचला बुडवून त्याने खालच्या ओळीवर पट्टा ओढला. बेचाळीस कामांत कधी वाकडी गेली नव्हती अशी त्याची रेघ वाकडी गेली आणि रंगाचे ओघळ मोरांवर उतरले. हिंगोलीत तुला पाटी मिळते कशी ते बघतो, असं उत्तमराव खालून ओरडले. ते त्यांनी पुढे खरंही करून दाखवलं.

जमलेल्यांतले निम्मे लोक त्या विहिरीचं पाणी पुन्हा पिणार नाही म्हणून तिथूनच निघून गेले. एका पट्ट्याने सगळा गाव सुधारला, असली गोड थाप मी तुम्हाला मारणार नाही. पण नाक घासायचा विषय कोणी पुन्हा काढला नाही, आणि द्वारकाबाईंच्या धाकाने दोन्ही लेकांचं जिनातलं काम टिकलं.

सोनाजी शिडीवरून उतरला. पोहरा भरून त्याने काठावर ठेवला आणि आता प्या, असं चतुराबाईला सांगितलं. तिने पाण्याकडे पाहिलं, मग भोवतीच्या लोकांकडे.

"आज न्हाई, दादा. आज समदे बघून राहिलेत. उद्या तहान लागली की येते."

आणि ती आली. दुसऱ्या दिवशी भरदुपारी, एकटी. स्वतःच्या हाताने पोहरा सोडला, पायांवर पाणी घेतलं, पोटभर प्याली आणि वाटेला लागली. राखणदार काठी मांडीवर ठेवून दुसरीकडे बघत बसला होता.

बंधुभगिनींनो, तुम्ही म्हणाल की आम्ही कुठे पाट्या रंगवतो! रंगवत नसाल. पण कोणी अर्ज लिहितो, कोणी पंचांचा ठराव नकलून काढतो, कोणी छापखान्यात खिळे जुळवतो, कोणी पंगतीत वाढता वाढता रीत सांगतो. अन्याय ठरवणारे गावात दोन-चारच असतात. त्याला नीटनेटकं रूप देऊन दारोदार पोचवणारे आपण शेकडो आहोत, आणि आपण सगळे म्हणतो, मजकूर आमचा नव्हे. तेव्हा एवढं एक करा. हातून काही लिहून द्यायच्या आधी, ते ज्याच्याविषयी आहे त्याला समोर उभं करा आणि मोठ्याने वाचून बघा. वाचवेना, तर हात आखडता घ्या. पोटाला चिमटा बसेल, सोनाजीलाही बसला. पण तहानलेल्याच्या मनगटावर आपल्या अक्षरांची काठी बसण्यापेक्षा तो चिमटा बरा.