पाचवा पेला

दस्तरखानावर सहा नान, दोन ताटल्या जर्दाळू, एक किटली आणि चार पेले. नफोसातनं पेले पुन्हा मोजले. घरात त्या क्षणी बायका पाच होत्या. ती, आई आणि बघायला आलेल्या दोघी समोर होत्या. पाचवी, थोरली बहीण मोहिगुल आपा, स्वयंपाकघरात दार लावून बसली होती.

आईनंच बसवली होती. इथं मार्गिलानमध्ये याआधी दोनदा नफोसातला बघायला आलेल्या बायकांनी आपालाच मागणी घातली. आपा दोन्ही वेळा नाही म्हणाली आणि दोन्ही घरांनी पाठ फिरवली. या वेळचा मुलगा नफोसातला स्वतःला हवा होता.

"तिसरा हिस्साच ओत, पाहुण्यांनी पुन्हा मागत बसावं म्हणून," आई पुटपुटली. "घाबरून काठोकाठ भरशील, त्यांना वाटेल, उठा म्हणतेय."

मुलाच्या आईला, होसियात खालाला, पेला देताना नफोसातचा हात थरथरला. गरम चहा मनगटावर सांडला. ती कळवळली आणि ते ऐकून आपा गार पाण्याचं भांडं घेऊन धावत बाहेर आली.

खालाची नजर नफोसातच्या भाजल्या हातावरून सरकली ती परत आलीच नाही.

"ही कोण? हिची इस्तारा इस्सिक आहे गं."

म्हणजे, तारा ऊबदार आहे. देखणेपणासाठी हा शब्द नव्हता. देखणी नफोसात होती. ज्याच्याकडे माणसं आपोआप सरकतात, त्याच्यासाठी तो होता. खालानं बोलता बोलता सरकून शेजारी जागा केलीसुद्धा.

"बस ना. तुझं कुठं ठरलंय का?"

नफोसातनं भाजलेलं मनगट ओढणीखाली घेतलं.

आपा बसली. हसली. किटली उचलून तिनं खालाचा पेला भरायला घेतला. तिसरा हिस्सा झाला, अर्धा झाला, चहा काठाला टेकला आणि बशीत ओघळला.

"घ्या, खाला."

आईनं डोळे मिटले. खालानं आपापासून झग्याचा घेर आवरून घेतला.

"पाहुणे हाकलायला बरं शिकवलंय हिला. कोण नेणार असल्या पोरीला?"

"कोणी नाही," म्हणत आपा उठली आणि आत गेली. दार लागल्याचा आवाज झाला.

खाला दाराकडे बघत राहिली. नफोसातनं तिच्यासमोरचा पेला उचलला, रिकामा केला, पुसला. मग किटली धरली. मनगट चुरचुरत होतं; हात हलला नाही.

चहा तिसऱ्या हिश्शावर थांबला. ऊन अंगणातून जाईपर्यंत खालानं तो पेला सहा वेळा पुढे केला.