तीनाचा आठ

गाडी गेली ती उभ्या उभ्या गेली. मी दुकानात बल्ब घ्यायला शिरले होते आणि बाहेर एका ट्रकवाल्याने मागे न बघता ट्रक मागे घेतला. बल्ब घेऊन बाहेर आले, तर बाबांची करडी मोटरसायकल ट्रक आणि भिंतीच्या मध्ये चेपलेली. ट्रकवाला म्हणाला, "ताई, तशीही जुनीच होती." त्यावर मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जुनी होती हे मात्र खरं. आमच्याकडेच तिला चौतीस वर्षं झाली होती, आणि बाबांनी घेतली तेव्हाही ती कुणाची तरी वापरलेलीच होती. आधी मी टाकीवर बसायचे. मग मागच्या सीटवर गेले. पुढे हँडल माझ्या हातात आलं आणि बाबा मागे बसून "क्लच, क्लच" असा जप करायला लागले. सकाळी किक मारली की दोनदा ती नुसती खोकायची आणि तिसऱ्यांदा चालू व्हायची. बाबा म्हणायचे, "तिला आधी विचारायचं, मग सांगायचं." बाबा जाऊन चार महिने झाले होते, तरी मी पहिल्या दोन किका हळूच मारत होते.

गॅरेजवाल्या काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "हिच्यात आता आरसा तेवढा सरळ राहिलाय," ते म्हणाले आणि उगाचच फडक्याने टाकी पुसत बसले. बाबांनी एकही वर्ष विमा चुकवला नव्हता. कागद अजून त्यांच्याच नावावर होते, वारस म्हणून सह्या आई करत होती. दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, 'टोटल लॉस' असं लिहिलं. मग त्याने हँडलच्या मानेवर कोरलेला चासी नंबर बॅटरी मारून वाचला, आरसी बुकात बघितलं, पुन्हा वाचला.

"ताई, गाडीवर शेवटी तीन आहे. पुस्तकात आठ."

तो आठ मी केला होता.

गाडी घेतली तेव्हा मी सात वर्षांची. नावावर करून घ्यायला चासी नंबरचा ठसा लागायचा. कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची, की काळ्यात पांढरे आकडे उठतात. बाबांनी ते काम मला दिलं. "भिंगरी, हे सरकारी काम आहे," ते म्हणाले, "घासायचं फक्त. गिरवायचं नाही." मी जीभ बाहेर काढून घासलं. सगळे आकडे झकास उठले, शेवटचा तेवढा पुसट. इंग्रजी तीन होता तो, पण मला वाटलं आठच आहे, बिचाऱ्याची डावी बाजू उठायची राहिली. बाबा हात धुवायला गेले तेवढ्यात मी ती बाजू खोडरबराच्या कोपऱ्याने काढून दिली.

"गिरवलं नाहीस ना?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

कागदाच्या कोपऱ्यात मी मोठ्या अक्षरात 'भिंगरी' अशी सही ठोकली. कार्यालयातला कारकून हसला, ठशावरूनच त्याने नव्या पुस्तकात नंबर उतरवला आणि तो ठसा तसाच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवून वर शिक्का मारला. पुढे किती वर्षं मी ते पान आल्यागेल्याला दाखवत होते! अकरावीत असताना एकदा गाडी पुसता पुसता मानेवरचा तीन दिसला आणि मी पुस्तक दाखवायचं बंद केलं.

विमा कंपनीचा अधिकारी कोवळा होता, टाय मात्र जुन्या माणसाचा वाटावा असा. "चासी बदललेली असू शकते," तो म्हणाला. "किंवा..."

"किंवा काय?" आईने विचारलं.

"चोरीच्या गाड्यांमध्ये असं सापडतं, मावशी."

आई उठून उभी राहिली. "अहो, ह्यांनी जन्मभर दुकानदारांची वजनं तपासली. कुणाच्या दुकानात कधी पाणी प्यायले नाहीत. पाव किलोत दोन ग्रॅम कमी भरले तर सख्ख्या मेव्हण्याचं वजन जप्त केलं ह्यांनी, माझ्या भावाचं! आणि तुम्ही त्यांना चोर म्हणता?"

"मी नाही म्हणत, नंबर म्हणतोय," तो म्हणाला. आठ दिवसांत नोंदणी कार्यालयाचं पत्र आणा, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल, असं त्याने सांगितलं. नाइलाज आहे, हेही सांगितलं.

जिन्यात आई थांबली. "मला त्यांचा एक पैसा नको. पण ह्यांच्या नावापुढे तो शब्द लागता कामा नये." मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी तिच्या मागून उतरले. चाळीशी ओलांडलेली बाई मी, ऑफिसात माणसं मला टरकून असतात, आणि आईला एक वाक्य सांगता येईना.

नोंदणी कार्यालयाच्या रेकॉर्ड खोलीत छतापर्यंत फायली होत्या आणि त्यांच्या पायथ्याशी एक बाई, स्वेटर घालून. रेकॉर्डबाईंनी नंबर लिहून घेतला. "चौतीस वर्षांपूर्वीचं? तळघरात असेल. उंदरांनी ठेवलं असेल तर मिळेल." आई आणि मी बाकावर बसलो. तास गेला. शेवटी मी भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं.

"तेव्हा का नाही बोललीस?" आई म्हणाली.

"सात वर्षांची होते गं."

"आणि परवा, तो माणूस ह्यांना चोर म्हणत होता तेव्हा?"

आईने पर्स आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

फाइल आली ती धुळीने माखलेली. रेकॉर्डबाईंनी ती फुंकर मारून उघडली, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "अहो, हे तर तेव्हाच दुरुस्त झालंय." त्यांनी फाइल आमच्याकडे फिरवली. बाबांचं अक्षर, वजनाच्या दाखल्यावर असायचं तसं, सरळ आणि टोकदार.

'पुस्तकातील चासी क्रमांकाचा शेवटचा आकडा चुकला आहे. आठऐवजी तीन हवा. ठसा घेताना मी तो गिरवला. चूक सर्वस्वी माझी असून दंड भरण्यास मी तयार आहे.'

तारीख बघितली. मी "नाही" म्हणाले होते त्याला जेमतेम महिना झाला होता. म्हणजे बाबांना ठाऊक होतं. मी त्यांच्याशी खोटं बोलले हेही ठाऊक होतं. आणि आयुष्यात दोन ग्रॅमचं खोटं न खपवणाऱ्या माणसाने सरकारी कागदावर खोटं लिहिलं होतं, सही करून. मला तिथे, त्या बाईंसमोर, रडू आलं. माणसाने निदान एकदा रागवावं तरी!

"दंड भरलाय, नोंद आमच्याकडे दुरुस्त केलीय," रेकॉर्डबाई म्हणाल्या. "फक्त जुनं पुस्तक जमा करून नवं घेऊन जायचं होतं. तीन स्मरणपत्रं गेलीत. गृहस्थ फिरकलेच नाहीत. का हो?"

"ती पत्रं घरी यायची," आई सावकाश म्हणाली. "कशाबद्दल ते हे सांगायचे नाहीत. मी म्हणायचे, अहो, देऊन टाका ना ते पुस्तक. तर म्हणायचे, त्यात भिंगरीचं पहिलं सरकारी काम चिकटवलंय, ते कसं जमा करू? मला वाटायचं, थट्टा करताहेत." तिने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि माझ्याजवळ सरकली.

पत्र मिळालं. ते वाचून विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने आईची माफी मागितली आणि आईने ती, दोनदा मागायला लावून, स्वीकारली.

शेवटचं काम नोंदणी रद्द करण्याचं. गॅरेजवाल्या काकांनी मानेवरचा नंबराचा तुकडा कापून फडक्यात बांधून दिला. "बाकीचं भंगारवाला उद्या नेईल. तू येऊ नकोस," ते म्हणाले. रद्द करायला तो तुकडा, त्याचा ताजा ठसा आणि जुनं पुस्तक, तिन्ही जमा करायची होती.

रेकॉर्डबाईंनी पातळ कागद आणि पेन्सिल पुढे केली. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. शेवटचं पान एकदा बघितलं आणि मिटलं. कागद तुकड्यावर धरून पेन्सिल आडवी घासायला लागले. आकडे एकेक करून उठले. शेवटचा तीन याही वेळी पुसटच आला, डावीकडून उघडा. पेन्सिलीचं टोक क्षणभर तिथे थांबलं. मी पेन्सिल खाली ठेवली.

रेकॉर्डबाईंनी कागद उजेडात धरला. "गिरवलेला चालत नाही हं. गिरवलं नाहीत ना?"

आई माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "या वेळी नाही."