अक्काचं मूळ

“अक्काचा पाय ग्लासात घालू देणार नाही,” मी म्हणालो.

“मग तुझा घाल,” शेतीखात्याच्या तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. “कुणाचा तरी घालावाच लागेल.”

“नववीतनं पळालेला, आता बाईंना शिकवतोय,” नाना, म्हणजे माझे वडील, भिंतीकडे तोंड करून म्हणाले. दुपार होती, म्हणून त्यांची मान वर होत नव्हती.

आमच्या घराला मर लागलीय. टोमॅटोला लागते तीच. आधी प्लॉटातल्या झाडांनी हिरवीगार असतानाच माना टाकल्या, मग नानांनी, मग आईनं. ऊन चढलं की दोघं वाकतात, दिवस मावळला की ताठ होऊन चहा मागतात. पिवळं कुणी पडत नाही. त्यामुळं गावाला कळलंच नाही.

बाईंनी नानांचा अंगठा जरासा चिरून पाण्याच्या ग्लासात धरला. त्यातनं दुधासारखा धागा खाली उतरला. रोगट टोमॅटोच्या देठातनं उतरतो तसाच. बाईंनी धाग्याचं टोक कानाला लावलं आणि स्थळ बघायला आल्यासारखं विचारायला लागल्या. “गाव कुठलं? आजोळ?”

बराच वेळ ऐकून म्हणाल्या, “या जिवाणूची आई मिरचीत होती, आजी वांग्यात. तुमच्या घरचा नाही हा, पाहुणा आहे. मूळ कुठलं ते कळलं पाहिजे.”

“मूळ होय,” आई मान खाली ठेवूनच बोलली. “ते आमच्या सुज्यालाच धाडलेलं की. पंचमीला.”

आईला वाटलं, सासरी असलेल्या लेकीला माहेरी आणायला माणूस धाडतात ते मूळ. मीच गेलो होतो अक्काला आणायला. येताना गाडीवर तिच्या मांडीत सासरच्या टोमॅटोच्या रोपांचा ट्रे होता. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणत होती.

बाईंनी धागा सोडला. तो सरपटत चुलीकडं गेला.

अक्का पंचमीपासनं चुलीपुढनं हललीच नव्हती. मला वाटलेलं, माहेरपण चाललंय. तिचे पाय घोट्यापर्यंत सारवलेल्या भुईत गेले होते.

“दुखतंय?” मी विचारलं.

“नाही. तहान लागते नुसती. पाणी वर चढत नाही.”

“उपटून जाळायला लागेल,” बाई म्हणाल्या. “नियमानं शेजारची चार झाडंही.”

“दिवस मावळू द्या,” नाना म्हणाले. “मान वर झाली की मीच कुदळ घेतो.”

त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी चुलीपुढं बसून हातानंच भुई उकरली. मुळं तुटू न देता, मातीच्या गड्ड्यासकट अक्काला वर काढलं आणि गोणपाटात बांधलं.

“उपटलंसच की शेवटी,” अक्का म्हणाली.

तिला गाडीवर मागं बसवलं. सासरी नेऊन ओल्या जागी लावतो म्हटलं. तिचं डोकं माझ्या पाठीवर पडलं.

गाडी अंगणात चालू आहे. बाई उंबऱ्यात उभ्या राहून धागा गुंडाळतायत, कान लावतायत. धागा गोणपाटातनं येत असणार म्हणून मी खाली बघितलं. गोणपाट कोरडं आहे. धागा माझ्या टाचेतनं निघालाय.

“नाव काय म्हणालास?” बाई विचारतायत.

ऊन बरंच आहे अजून. खाली गेलेली मान वर येत नाहीय. रस्ता चाकापुढं हातभर दिसतो, तेवढा पुरेल. मला आता निघायला हवं.